साडेसहा बाटल्यांची मोझेल

या महिन्याची वाइनची पेटी जर्मनीतल्या मोझेल खोऱ्याची आहे. तिच्यात सहा पूर्ण बाटल्या आणि एक अर्धी: वरच्या मोझेलची एलब्लिंग झेक्ट (फेसाळ वाइन), मधल्या मोझेलची ड्राय (गोड नसलेली) गुट्सवाइन, म्हणजे उत्पादकाची पायाभूत वाइन, एक ग्रोसेस गेवेक्स (वरच्या दर्जाच्या मळ्यातली ड्राय वाइन), सार खोऱ्यातली काबिनेट, वेलेन गावची त्याच वर्षाची काबिनेट, युर्त्सिगची श्पेटलेझ, आणि दहा वर्षं मुरलेल्या आउसलेझची ३७५ मिलीची बाटली. काबिनेट, श्पेटलेझ, आउसलेझ या द्राक्ष पिकण्याच्या चढत्या पायऱ्या. एलब्लिंग सोडली तर सगळ्या रीस्लिंग द्राक्षाच्या. पेटी पोचल्यावर आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं पुढे देत आहोत.

प्रश्न : सातपैकी सहा वाइन एकाच द्राक्षाच्या. बारा जणांच्या बैठकीत लोक कंटाळणार नाहीत का? आणि कोणत्या क्रमाने उघडायच्या? सगळ्यात भारी बाटली शेवटी ठेवावी असं आमच्यातल्या बहुतेकांचं मत आहे.

भारी बाटली शेवटी, हा हिशेब मोझेलमध्ये चुकतो. पेटीतली भारदस्त बाटली म्हणजे ग्रोसेस गेवेक्स, आणि ती ड्राय आहे. गोड श्पेटलेझनंतर ती ओतलीत तर आंबट आणि पोकळ लागेल, कारण साखरेला सरावलेल्या जिभेला आम्ल दुप्पट बोचतं. पेटीचा क्रम वर दिला आहे तोच ठेवा: आधी फेसाळ, मग दोन्ही ड्राय, मग दोन्ही काबिनेट, मग श्पेटलेझ, शेवटी आउसलेझ. साखर चढत जाते आणि अल्कोहोल मात्र ड्राय बाटल्यांनंतर उतरत जातं. मोझेलची हीच गंमत आहे.

कंटाळ्याचं म्हणाल तर एकच द्राक्ष असणं हाच इथे फायदा आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलली की फरक कशामुळे पडला ते कळतं. दोन काबिनेट यासाठीच दिल्या आहेत. द्राक्ष तेच, वर्ष तेच, दर्जाची पायरी तीच, फक्त जागा वेगळी. या दोन एकामागून एक न ओतता दोन पेल्यांत शेजारी शेजारी ओता. सार ही मोझेलची उपनदी. तिचं खोरं जास्त उघडं, वारं खेळतं, त्यामुळे द्राक्ष उशिरा पिकतं. वाइन सडपातळ, आम्ल धारदार, वास हिरव्या सफरचंदाकडे आणि लिंबाच्या सालीकडे झुकणारा. वेलेनचा झोनेनऊर हा मळा थेट मोझेलवर उतरलेला, नैर्ऋत्येकडे तोंड केलेला, राखाडी-निळ्या स्लेटचा उभा चढ. स्लेट म्हणजे पाटीचा दगड. तो दिवसा तापतो आणि रात्री ऊब सोडतो. इथली काबिनेट पिवळ्या पीचकडे जाते, आणि साखर तेवढीच असली तरी जास्त गोल वाटते. नंतरची श्पेटलेझ युर्त्सिगच्या व्युर्त्सगार्टेन मळ्याची आहे. या नावाचा अर्थ मसाल्यांची बाग. तिथली जमीन लालसर, आणि वाइनच्या वासात एक तिखट, वनस्पतींची छटा येते. ही छटा दगडातूनच वाइनमध्ये उतरते, असं सरळ समीकरण मात्र मांडू नका. दगडाचा निचरा, त्याची ऊब आणि मातीची खोली यांचा द्राक्ष पिकण्यावर होणारा परिणाम मोठा असतो.

एलब्लिंग पेटीत का, असंही दोघांनी विचारलं आहे. लक्झेंबर्गच्या सीमेजवळ, वरच्या मोझेलमध्ये जमीन स्लेटची नाही, शिंपल्यांच्या चुनखडीची आहे, आणि तिथे हे जुनं द्राक्ष अजून टिकून आहे. एकेकाळी संपूर्ण खोऱ्यात त्याचा मोठा पसारा होता. १७८७ मध्ये ट्रियरचे आर्चबिशप-इलेक्टर क्लेमेन्स वेन्त्सेस्लाउस यांनी हलक्या वेली काढून चांगल्या लावण्याचा हुकूम काढला, आणि रीस्लिंगची वाट मोकळी झाली. एलब्लिंगचं आम्ल करकरीत आणि वास जवळजवळ कोरा. म्हणूनच ती फेसाळ वाइनला शोभते आणि बैठकीच्या सुरुवातीला जीभ स्वच्छ करते.

मापाचं: ७५० मिलीची बाटली बारांत वाटली तर प्रत्येकी साठेक मिली येते, पण सगळी संपवू नका. पहिल्या फेरीत ४० मिली ओता. १२ जणांचे ४८० मिली झाले, म्हणजे २७० मिली उरली. त्यातली थोडी दुसऱ्या फेरीला आणि निदान एक पेला दुसऱ्या दिवसासाठी ठेवा. का, ते पुढच्या एका उत्तरात येईल. अर्ध्या बाटलीतून प्रत्येकी ३० मिली पुरते. थुंकण्यासाठी मधोमध एक भांडं असू द्या. लाजण्याचं कारण नाही, सातव्या पेल्याला नाक शाबूत हवं.

प्रश्न : काबिनेट म्हणजे कमी गोड, श्पेटलेझ त्याहून गोड, आउसलेझ सगळ्यात गोड, असं आम्ही धरून चाललो होतो. पण मागे एका बाटलीवर 'श्पेटलेझ ट्रोकेन' लिहिलं होतं आणि ती अजिबात गोड नव्हती. लेबल वाचायचं तरी कसं?

जर्मन वाइनबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ याच जागी होतो. हे शब्द द्राक्ष तोडताना किती पिकलं होतं ते सांगतात. बाटलीत साखर किती उरली ते सांगत नाहीत. पिकणं मोजण्याचं एकक ओक्सले. द्राक्षाच्या रसाचा एक लिटर पाण्याच्या एका लिटरपेक्षा जितके ग्रॅम जड, तितके अंश. काबिनेटसाठी प्रदेश आणि द्राक्ष पाहून किमान ६७ ते ८२ अंश लागतात, श्पेटलेझसाठी ७६ ते ९०, आउसलेझसाठी ८३ ते १००. मोझेल थंड असल्यामुळे तिथल्या किमान मर्यादा या पट्ट्यांच्या खालच्या टोकाकडे असतात. रसातली साखर किती आंबवायची आणि किती ठेवायची हा वाइन करणाऱ्याचा निर्णय. सगळी आंबवली की 'श्पेटलेझ ट्रोकेन', म्हणजे ड्राय.

ट्रोकेनची व्याख्या कायद्यात आहे. उरलेली साखर लिटरला ९ ग्रॅमपर्यंत चालते, पण ती आम्लापेक्षा २ ग्रॅमहून जास्त असता कामा नये. आम्ल ७ ग्रॅम असेल तर साखर ९ पर्यंत चालते. आम्ल ५ असेल तर ७ पर्यंतच. हाल्बट्रोकेनची मर्यादा १८ ग्रॅम, आणि तिथे आम्लाहून १० ग्रॅमची सवलत. 'फाइनहेर्ब' हा शब्द मात्र मोकळा आहे, त्याला आकड्याची मर्यादाच नाही. साधारणपणे हाल्बट्रोकेनच्या आसपास किंवा किंचित गोड असा त्याचा अर्थ घ्यावा.

लेबलवर यातला एकही शब्द नसेल तर अल्कोहोलचा आकडा पाहा. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखर आंबली की १ टक्का अल्कोहोल तयार होतं. ८० अंश ओक्सलेचा रस पूर्ण आंबला तर सुमारे साडेदहा टक्क्यांपर्यंत जातो. पेटीतल्या काबिनेटवर ८.५ टक्के छापलं असेल, तर २ टक्क्यांची साखर न आंबता राहिली, म्हणजे लिटरला ३४ ग्रॅमच्या आसपास. थोडक्यात, ९ टक्क्यांच्या खाली असेल तर नक्की गोड, ११ च्या वर असेल तर बहुधा ड्राय, मधल्या पट्ट्यात दोहोंच्या मधली. ही युक्ती काबिनेट, श्पेटलेझ यांसारख्या प्रेडिकाट वर्गातच चालते, कारण तिथे रसात साखर घालून अल्कोहोल वाढवायला बंदी आहे. गुट्सवाइनला ती मुभा असते, त्यामुळे तिथे हा हिशेब लावू नका.

३४ ग्रॅम ऐकून घाबरू नका. कोलाच्या एका लिटरमध्ये १०० ग्रॅमहून जास्त साखर असते. शिवाय या वाइनमध्ये ८-९ ग्रॅम आम्ल समोर उभं असतं. म्हणून घोट गोड सुरू होतो आणि कोरडा संपतो. तो तसा संपत नसेल, जिभेवर पाकासारखा चिकटून राहत असेल, तर वर्ष फार उष्ण असावं किंवा वाइन गरम झाली असावी.

ग्रोसेस गेवेक्सबद्दल एवढंच: व्हीडीपी ही १९१० साली स्थापन झालेली उत्पादकांची संघटना. तिच्या सभासदांच्या बाटलीच्या गळ्याशी द्राक्षाचा घड धरलेला गरुड असतो. तिच्या नियमांत वरच्या दर्जाच्या मळ्यातली ड्राय वाइन ग्रोसेस गेवेक्स ठरते, आणि तिच्यावर काबिनेट-श्पेटलेझ हे शब्द येत नाहीत.

प्रश्न : 'पीसपोर्टर गोल्डट्रॉप्फ्शेन' आणि 'पीसपोर्टर मिखेल्सबेर्ग' या दोन बाटल्या शेजारी ठेवलेल्या दिसल्या. गाव एकच, मळे दोन, असंच ना?

नाही. हा सापळा १९७१ च्या वाइन कायद्याने लावला. गोल्डट्रॉप्फ्शेन हा पीसपोर्ट गावचा ठरलेला मळा आहे. मिखेल्सबेर्ग ही 'ग्रोसलागे', म्हणजे अनेक गावांचे मळे एकत्र करून केलेली मोठी मोट. त्यातली द्राक्षं पीसपोर्टच्या प्रसिद्ध चढावरची असतीलच असं नाही. सपाटीवरची, दुसऱ्या जातीचीही असू शकतात. २०२५ च्या पिकापर्यंतच्या लेबलची मांडणी मात्र हुबेहूब सारखी, आधी गाव आणि मग नाव. बेर्नकास्टेलमध्येही हेच. 'डॉक्टर' हा जेमतेम ३ हेक्टरांचा नामांकित मळा, आणि 'कुरफ्युर्स्टलाय' ही ग्रोसलागे. पाठ करायची तर मिखेल्सबेर्ग, कुरफ्युर्स्टलाय, श्वार्त्से काट्स, नाक्टआर्श ही चार नावं पाठ करा, बऱ्याच चुका टळतील. द्राक्षाची जात लिहिलेली नसेल तर तोही इशारा समजा.

लेबलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ए.पी. क्रमांक असतो, तो सरकारी तपासणीचा. त्याचे शेवटचे दोन अंक तपासणीचं वर्ष सांगतात, आणि त्याआधीचा गट म्हणजे त्या उत्पादकाने त्या वर्षी तपासणीला दिलेल्या वाइनचा अनुक्रमांक. उत्पादक, मळा, वर्ष, दर्जा सगळं सारखं असूनही हा अनुक्रमांक वेगळा असेल, तर त्या दोन वेगळ्या वाइन आहेत. आवडलेली बाटली पुन्हा मागवताना हा क्रमांक टिपून ठेवा.

प्रश्न : आमच्या पेटीत तीन बाटल्या बिघडलेल्या निघाल्या असं वाटतं. एकीच्या तळाशी काचेसारखे कण, एकीत बारीक बुडबुडे, आणि आउसलेझला चक्क रॉकेलचा वास. परत पाठवाव्यात का?

आधी हे वाचा, मग ठरवा.

कण हे टार्टारिक आम्लाचे स्फटिक. थंड प्रदेशातल्या द्राक्षात आम्ल भरपूर असतं, आणि बाटली फार थंड झाली की ते पोटॅशियमशी जुळून तळाला बसतं. चव किंचित आंबट, दाताखाली कचकच, अपाय काही नाही. बाटली दोन तास उभी ठेवा, हळू ओता, शेवटचे दोन चमचे बाटलीतच सोडा. काच असल्याची शंका असेल तर कण गरम पाण्यात टाकून ढवळा. स्फटिक विरघळतात, काच विरघळत नाही. विरघळले नाहीत तर अर्थातच ती बाटली पिऊ नका.

बुडबुड्यांना दोन बाजू आहेत. वाइन थंड तापमानात आंबवून लवकर भरली की थोडा कार्बन डायऑक्साइड तिच्यात राहतो. जिभेवर हलकी चुरचुर होते आणि पेला फिरवल्यावर ती जाते. तरुण काबिनेटमध्ये ही चुरचुर मुद्दाम ठेवतात, तिने ताजेपणा येतो. पण वाइन गढूळ असेल, बूच वर सरकलेलं असेल, उघडताना जोराचा आवाज झाला आणि वास यीस्टचा आला, तर उरलेल्या साखरेवर बाटलीतच पुन्हा आंबवण सुरू झालं आहे. हा दोष आहे, परत पाठवा.

रॉकेलच्या वासाबद्दल वाद आहेत. तो टीडीएन नावाच्या संयुगाचा. द्राक्षाच्या सालीतली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं तुटून त्याची पूर्वद्रव्यं तयार होतात, आणि बाटलीत वर्षानुवर्षं मुरताना त्यांतून तो मोकळा होतो. घडांवर ऊन जास्त पडलं, उन्हाळा कडक गेला, तर तो वाढतो. बूच त्यातला बराच वास शोषून घेतं, स्क्रू कॅप घेत नाही, म्हणून स्क्रू कॅपच्या बाटलीत तो जास्त जाणवू शकतो. दहा वर्षांच्या आउसलेझमध्ये मधाच्या, सुक्या जर्दाळूच्या वासामागे तो असणं हे वयाचं लक्षण, आणि आमच्या मते चांगलं लक्षण. मात्र दोन वर्षांच्या वाइनमध्ये रॉकेलच पुढे आणि फळ मागे असेल तर आम्ही तिला दोष म्हणणार नाही, पण कौतुकही करणार नाही.

तुम्ही विचारली नाही ती चौथी गोष्ट म्हणजे जळलेल्या काडीचा वास. मोझेलमध्ये बरेच जण विकतचं यीस्ट न घालता, तळघरातल्या यीस्टवर वाइन आंबवतात. अशा वाइनला बाटली उघडल्यावर काडीपेटीचा, कधी उकडलेल्या अंड्याचा वास येतो. जर्मन लोक तिला थट्टेने 'श्टिंकर' म्हणतात. रुंद भांड्यात ओतून अर्धा-पाऊण तास थांबा, तो उडून जातो. तासाभरानंतरही कुजक्या कोबीसारखा राहिला तर मात्र दोष. तरुण गोड वाइनमध्ये नाकाला झोंबणारा गंधकही जाणवतो. युरोपच्या नियमांत सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ड्राय पांढऱ्या वाइनला लिटरमागे २०० मिलिग्रॅम, श्पेटलेझला ३००, आउसलेझला ३५० आहे. साखर पुन्हा आंबू नये आणि वाइन टिकावी म्हणून ही वाढीव मुभा.

याउलट ओल्या पुठ्ठ्याचा, बंद तळघराचा वास हवेने कमी होत नाही, वाढतच जातो. तो बुचाचा दोष, आणि तिथे थांबण्यात अर्थ नाही.

प्रश्न : या उंच, सडपातळ बाटल्या आमच्या फ्रिजच्या दारात मावत नाहीत. बादलीत बर्फ घालून ठेवल्या तर पहिला पेला गरम आणि शेवटचा बर्फासारखा. काय चुकतं?

मोझेलची बाटली साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर उंच असते. फ्रिजमध्ये ती आडवी ठेवा, फक्त झेक्ट उभी राहू द्या. खोलीच्या तापमानावरून ९ अंशांवर यायला फ्रिजमध्ये अडीच-तीन तास लागतात. बादलीत नुसता बर्फ टाकू नका. खड्यांमध्ये हवा राहते आणि ती उष्णता नीट ओढून घेत नाही. अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि मूठभर मीठ, यात अर्धा तास पुरे. गळा पाण्याबाहेर राहतो म्हणून पहिला पेला गरम येतो. उघडण्याआधी बाटली पाण्यातच एकदा सावकाश उलटीसुलटी करा. जुन्या आउसलेझला आणि झेक्टला हे करू नका. एकीचा गाळ ढवळला जाईल, दुसरी फसफसून उतू जाईल.

झेक्ट ६ ते ८ अंशांवर, दोन्ही काबिनेट आणि श्पेटलेझ ८ ते १०, गुट्सवाइन १० च्या आसपास. ग्रोसेस गेवेक्स १२ वर द्या, त्याहून थंड असेल तर वास मिटतो आणि फक्त आम्ल उरतं. आउसलेझ १० वर.

प्रश्न : पेले कोणते घ्यावेत?

सगळ्यांना एकच, पांढऱ्या वाइनचा मध्यम आकाराचा, वर निमुळता होणारा. झेक्टलाही तोच चालेल. साबणाचा वास राहिलेला पेला या हलक्या वाइनना सगळ्यात जास्त मारतो.

प्रश्न : उघडलेली बाटली किती दिवस चांगली राहते? आमच्याकडे दुसऱ्या दिवशी ग्रोसेस गेवेक्स आधीपेक्षा चांगली लागली. हे शक्य आहे का?

शक्य आहे, आणि म्हणूनच एक पेला राखून ठेवा असं वर लिहिलं. तरुण ड्राय रीस्लिंग उघडल्यावर घट्ट मिटलेली असते. थोडी हवा लागली की गंधकाची छाया जाते आणि फळ पुढे येतं. बूच लावून फ्रिजमध्ये ती ३ ते ५ दिवस टिकते. काबिनेट आणि श्पेटलेझ आठवडाभर, कारण पीएच कमी, आम्ल जास्त आणि गंधकही पुरेसं. आउसलेझ दहा दिवसही जाते, पण जुनी असेल तर तिसऱ्या दिवसापासून रोज चाखून पाहा. झेक्टला पकडीचं झाकण लागतं आणि दुसऱ्या दिवशी ती संपवावी. बाटलीत एक तृतीयांशच वाइन उरली असेल तर ती छोट्या बाटलीत काठोकाठ भरा. हवा जितकी कमी तितकं बरं.

प्रश्न : तापमान वाढतंय, मग मोझेलला अजून 'थंड प्रदेश' म्हणायचं का?

अक्षांश ५० च्या आसपासचा आहे, तो बदललेला नाही. बदललं ते पिकणं. १९८० च्या दशकात १९८४ आणि १९८७ सारख्या वर्षी द्राक्ष पिकेल की नाही हीच चिंता होती. आता काबिनेटसाठी पुरेसं कमी पिकलेलं द्राक्ष मिळवायची कसरत असते. कायद्यात किमान मर्यादा आहे, कमाल नाही. त्यामुळे आज काबिनेट म्हणून विकली जाणारी पुष्कळ वाइन पूर्वीच्या मापाने श्पेटलेझ आहे. २०१८ आणि २०२२ ही उष्ण वर्षं, २०२१ जुन्या धाटणीचं, थंड आणि धारदार आम्लाचं. काबिनेटची खरी ओळख करून घ्यायची तर २०२१ शोधा. एकेकाळी दुय्यम समजले जाणारे सार, रुवर आणि बाजूच्या दऱ्यांतले मळे आता वरचढ ठरत आहेत.

मात्र थंडी गेली असंही नाही. वेली लवकर फुटू लागल्याने एप्रिलमधलं दहिवर उलट जास्त घातक झालं आहे. २०१७ आणि २०२४ मध्ये त्याने मोठं नुकसान केलं. आइसवाइनला याच्या उलट संकट. तिची द्राक्षं उणे ७ अंश किंवा त्याखाली वेलीवरच गोठावी लागतात. २०१९ च्या हंगामात जर्मनीभर तेवढी थंडीच पडली नाही आणि ते पीक जवळजवळ संपूर्ण हुकलं.

प्रश्न : दुसरी पेटी घेऊन ठेवायची म्हटली तर यातली कोणती बाटली किती वर्षं ठेवावी?

झेक्ट आणि गुट्सवाइन ठेवू नका, एक-दोन वर्षांत प्या. ग्रोसेस गेवेक्स ५ ते १०, काबिनेट ५ ते १५, श्पेटलेझ १० ते २० वर्षं सहज. आउसलेझ पेटीतली आहे तशीही पिता येईल. अर्धी बाटली लवकर मुरते, म्हणून पुढची २० वर्षं ठेवायची असेल तर पूर्ण बाटली घ्या. गोड वाइन मुरताना साखर कमी होत नाही, पण गोडवा कमी लागतो, कारण फळाचा भरदारपणा ओसरतो. श्पेटलेझ तीन-चार वर्षांच्या सुमाराला मुकी होऊ शकते, वास नाही आणि चव सपाट. तेव्हा ती बिघडली समजून उरलेल्या बाटल्या देऊन टाकू नका, आणखी दोन वर्षं थांबून एक उघडून पाहा.

जागा अंधारी हवी, तापमान १० ते १३ अंश आणि ते स्थिर. बुचाच्या बाटल्या आडव्या, स्क्रू कॅपच्या कशाही. मोझेलची काच हिरवी असते आणि ती तपकिरी काचेइतका उजेड अडवत नाही. ट्यूबलाइटखाली काही आठवडे उभ्या राहिलेल्या बाटलीला ओल्या लोकरीसारखा वास येऊ शकतो. दुकानात वरच्या फळीवर दिव्याखाली उभी असलेली बाटली सोडा, खोक्यातली मागा.